सामान सांभाळायला कोणीतरी हवं

किस्से कोणी साठवत नाही, ते आपोआप साठतात. फ्रिजमागे कोंबलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे. एक काढायला जावं तर चार बाहेर पडतात, आणि पाचवीत काय आहे हे बघेपर्यंत चहा गार होतो.

मालदीवहून परत येऊन आम्हाला बरेच महिने झाले, पण आमच्या सोसायटीच्या शनिवारच्या चहाला अजून तोच विषय निघतो. कोणी नुसतं 'पपई' म्हटलं तरी पुरतं. आता सगळ्यांना सगळं पाठ झालंय, तरी सांगायला लावतात. मग मी सांगते, कारण मला आवडतं.

आम्ही म्हणजे चौघं. मी मीनल, बँकेतून निवृत्त. माझा नवरा शिरीष, जो घरी असला की सुट्टीवर असल्यासारखा झोपतो आणि सुट्टीवर गेला की घरच्यासारखा. आणि आमच्या समोरच्या फ्लॅटमधले प्रभाकरराव आणि सुलभा. प्रभाकरराव सरकारी खात्यात इंजिनियर होते. आता सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, म्हणजे निवृत्त झालेत ते फक्त पगारापुरते. सुलभा शाळेत गणित शिकवायची. ती तोंडातल्या तोंडात बोलते म्हणून मी तिला चिडवायचे. आता चिडवत नाही.

*

तर ट्रिप ठरली कशी, तिथून सुरू करते.

प्रभाकरराव-सुलभाची मुलगी रेवा हिंजवडीला नोकरीला आहे. आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला काय द्यावं याचा तिने एका सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसून विचार केला. बस चौकात अडकलेली होती. तिने विमान बघितलं, रिसॉर्ट बघितलं, रिव्ह्यू वाचले, बुकिंग केलं, आईला फोन केला. बस त्याच चौकात होती.

"ऑल इन्क्लुसिव्ह आहे बाबा," तिने रविवारी येऊन समजावलं. "राहणं, खाणं, पिणं, सगळं त्यातच. तुम्ही दोघांनी फक्त आराम करायचा."

"दोघांनीच?" प्रभाकरराव म्हणाले. "दोघंच तिथे करणार काय?"

सुलभा तेव्हा समोर चहा गाळत होती. मीही होते. थोड्या वेळाने प्रभाकररावांना सुचलं की शिरीषला आणि वहिनींना, म्हणजे मला, बरोबर घ्यावं. शिरीषला विचारलं तर तो म्हणाला, तिथे गादी कशी असते? झालं, आम्ही चौघं निघालो.

त्याच संध्याकाळी सुलभा माझ्याकडे आली. सोफ्यावर टेकली आणि म्हणाली, "मीनल, मला तिथे एकच करायचंय. समुद्रात जायचंय."

मी हसले. "मग जा की. बेटावर दुसरं असतं काय?"

"तू आमच्याबरोबर कधी समुद्रावर आली नाहीयेस," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. लग्न झाल्यावर पहिल्यांदा सगळं सासर अलिबागला गेलं होतं. सगळे पाण्यात शिरले आणि सासूबाई म्हणाल्या, "सुलभा, तू बस गं इथे. सामान सांभाळायला कोणीतरी हवं." ती बसली. मग दिवेआगर, मग गणपतीपुळे, मग गोवा. चपला, घड्याळं, चष्मे, टॉवेल, नंतर मोबाइल. आधी नणंदा पाण्यात, मग रेवा पाण्यात, मग रेवाच्या मैत्रिणी. त्यांच्या अल्बममध्ये समुद्राचे फोटो ढीगभर आहेत. सुलभा एकातही नाही. अर्थात, कॅमेराही सामानातच असायचा.

"या वेळी कोणी नाही," ती म्हणाली. "लहान मुलं नाहीत, सासूबाई नाहीत. रिसॉर्टचा स्वतःचा किनारा आहे. आता काय सांभाळायचंय?"

मला तिचं म्हणणं पटलं. प्रभाकररावांना मी तेव्हा पुरती ओळखत नव्हते.

*

तिने पोहायचा ड्रेस घेतला, तो मला दार लावून दाखवला. गडद निळा, पूर्ण बाह्यांचा, पाय घोट्यापर्यंत झाकलेले, वर टोपी. लक्ष्मी रोडला मिळाला म्हणे. दुकानदाराने विचारलं, "सुनेसाठी का?" सुलभा म्हणाली, "हो, पण ती माझ्याच मापाची आहे."

प्रभाकररावांना तो दाखवायचा तिचा विचार नव्हता. "उगाच चर्चा होते," ती म्हणाली.

*

आता रिसॉर्ट.

गेल्या गेल्या मनगटावर एक पट्टा बांधतात. तो दाखवला की काहीही मागा. हे प्रभाकररावांना फार संशयास्पद वाटलं. पुण्यात आयुष्य काढलेल्या माणसाला कोणी हसून काही दिलं की तो आधी पिशवी तपासतो.

हसन नावाचा एक हसरा पोरगेलासा वेटर आमच्याकडे होता. नारळपाणी आलं, प्रभाकररावांनी विचारलं, "हे इन्क्लुसिव्ह आहे?" हो. छत्रीखालची खुर्ची? हो. खुर्चीवरचा टॉवेल? हो. टॉवेल दुसऱ्यांदा मागितला तर? तरीही हो. खोलीतला चहा, वाचनालयातलं मासिक, अंगणातल्या झाडाची सावली, सगळ्याची चौकशी झाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी तोंड उघडायच्या आत हसन समुद्राकडे हात करून म्हणाला, "सर, तो पण इन्क्लुसिव्ह आहे."

"ऐकलंत ना?" सुलभा म्हणाली.

"तो इन्क्लुसिव्ह असेल," प्रभाकरराव म्हणाले. "चपला नाहीत. गेल्या तर कोण देणार?"

*

पपई.

प्रभाकरराव रोज सकाळी मंडईतून फळं आणणारे. सोललेलं, कापलेलं फळ म्हणजे काहीतरी लपवलेलं फळ, असं त्यांचं मत आहे. पहिल्या दिवशी ते डायनिंग हॉल उघडायच्या आधीच दारात जाऊन उभे राहिले. आत शिरले ते थेट शोभेला मांडलेल्या पपयांकडे. एकेक उचलून देठाशी दाबून पाहिली, वास घेतला, एक कानाशी धरली. ती का, हे मला आजही माहीत नाही.

पांढरी उंच टोपी घातलेला शेफ धावत आला. त्याला वाटलं, काही तक्रार आहे. प्रभाकररावांनी त्याला शुद्ध मराठीत विचारलं, "कालची का हो?"

तिथे ते सगळ्यांशी मराठीतच बोलायचे. शेफशी, माळ्याशी, रशियन पाहुण्यांशी. नवल म्हणजे लोकांना कळायचंही. शेफने मान खाली घालून कबूल केलं की कालची आहे, आणि आतून दुसरी आणली.

प्रभाकरराव मात्र वागायला अत्यंत सभ्य. पाणी ओतलं की थँक्यू. प्लेट उचलली की थँक्यू. दार आपोआप उघडलं तरी थँक्यू. हसन लाजून जायचा. आणि हे चालू असताना सुलभा त्यांची प्लेट भरून आणायची, मासा असला तर काटे काढून द्यायची, चमचा बदलून द्यायची. मग ते हात नुसता बाजूला पसरायचे. बघायचेसुद्धा नाहीत. तिने तळहातावर गोळी ठेवली की मूठ मिटायची आणि तोंडाकडे जायची.

मी शिरीषला म्हटलं, बघितलंस? तो म्हणाला, काय? पुरुषांना काही गोष्टी दिसतच नाहीत, चष्मा असो नसो.

*

पाण्याचा किस्सा सोसायटीत सगळ्यात लोकप्रिय आहे.

आमच्याकडे गुरुवारी पाणी बंद असतं. म्हणजे असतंच असं नाही, पण असू शकतं, आणि सेक्रेटरी म्हणून प्रभाकररावांचा बुधवार त्या काळजीत जातो. बेटावर बुधवार उजाडला आणि त्यांना चैन पडेना. संध्याकाळी त्यांनी बाथटब काठोकाठ भरला. मग ग्लास, किटली, बर्फाची बादली आणि दोन फुलदाण्या. फुलं काढून बाजूला ठेवली होती.

सकाळी खोली साफ करणारा आला. त्याने टब मोकळा केला, घासला आणि त्यात टॉवेलचा हंस करून ठेवला.

प्रभाकरराव हंस हातात घेऊन रिसेप्शनला गेले. मॅनेजरने शांतपणे सांगितलं की रिसॉर्ट समुद्राचं पाणी शुद्ध करतं, पाणी कधीही बंद होत नाही.

"असं प्रत्येक निवडणुकीत सांगतात," प्रभाकरराव म्हणाले, आणि येऊन त्यांनी टब परत भरला.

सुलभा आंघोळीला आमच्या खोलीत आली. भरलेल्या पाण्याला हात लावायचा नाही अशी ऑर्डर होती.

"चहूकडे पाणी आहे मीनल," ती केस पुसत म्हणाली, "आणि मला कुठल्याच पाण्यात जाता येत नाही."

*

आता किनाऱ्याकडे येते, कारण खरा राग मला तिथे आला.

पहिल्याच सकाळी आम्ही खाली उतरलो. प्रभाकरराव पोहण्यात पटाईत. तरुणपणी खडकवासल्याला पोहायचे हे ते तासाभरात कोणालाही सांगतात. मोठ्या डॉक्टरने कानात पाणी जाऊ देऊ नका म्हटल्यापासून ते दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालतात, त्यावर तेल. तर त्यांनी बोळे घातले, घड्याळ काढलं, चष्मा काढला, फोन, खोलीचं कार्ड, चपला. आणि सगळं एकामागून एक सुलभाच्या मांडीवर ठेवलं. विचारलं नाही. खुंटी काही विचारून वापरत नाहीत.

"अहो, मी पण..." ती म्हणाली. पण बोळे आधीच घातलेले होते.

शिरीषनेही आपल्या चपला तिथेच सोडल्या. त्याला मी जे बोलले ते इथे सांगत नाही.

चष्म्याशिवाय प्रभाकररावांना माणूस आणि मिटलेली छत्री यांतला फरक कळत नाही. बाहेर आले की ते जागेवर उभे राहून हात पुढे करायचे, आणि सुलभा उठून जाऊन हातात चष्मा द्यायची. पिशव्या दोन होत्या. चष्मा कुठल्या पिशवीच्या कुठल्या कप्प्यात असतो, हे त्या माणसाला कधीच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी औंधचं एक जोडपं भेटलं. पुण्याचे निघालो म्हणून केवढा आनंद. मग त्या बाई सुलभाला म्हणाल्या, "तुम्ही इथे आहातच ना? जरा बघता का, आम्ही आलोच." आणि पर्स ठेवून गेल्या. एका रशियन बाईने ते पाहिलं. तिला वाटलं, इथे अशी सोय आहे. तिनेही टोपी आणि पुस्तक आणून ठेवलं आणि हात जोडून नमस्कार केला. तिसऱ्या दिवसापर्यंत सुलभाभोवती चपलांची रांग लागली होती, देवळाबाहेर असते तशी. एका गोऱ्या गृहस्थाने येऊन तिच्याकडे टॉवेल मागितला. तिने दिला. त्याने तिला टिप देऊ केली.

प्रभाकररावांना फार कौतुक. "बघा वहिनी, परक्या देशात लोकांचा किती विश्वास."

मी सुलभाच्या शेजारी बसले. उकाड्याने तिचा चेहरा लाल झाला होता, पंजाबी ड्रेस घामाने अंगाला चिकटला होता. मी म्हटलं, "इतकं काय उकडतंय तुला? सावली आहे की."

तिने बाही थोडी वर सरकवली. आत गडद निळी बाही होती.

"रोज घालून येतेस?" मी विचारलं.

"म्हटलं, ऐनवेळी कोणी जा म्हणालंच तर," ती म्हणाली.

मला त्या क्षणी प्रभाकररावांना बोळ्यांसकट बुडवावंसं वाटलं. मी म्हटलं, ऊठ, मी बसते. ती नाही म्हणाली. "तू बसलीस तर नुसती माणसं बदलतील. आणि त्यांना कळणारही नाही कोण बसलंय."

*

शेवटच्या संध्याकाळी पॅकेजमध्ये 'रोमँटिक डिनर' होतं. वाळूत एक टेबल, दोन खुर्च्या, फुलांच्या पाकळ्यांचा बदाम, मेणबत्त्या. प्रभाकररावांनी लगेच अजून दोन खुर्च्या मागवल्या. "आम्ही दोघंच बसून काय करणार," ते आम्हाला म्हणाले, "या तुम्ही पण." मी नको नको म्हणत होते, पण शिरीष तोवर बसला होता. त्याची खुर्ची बदामाच्या मध्यावर आली.

सूर्य बुडत होता. आकाशाला असा रंग आला होता की मीसुद्धा गप्प झाले. प्रभाकरराव सूपमध्ये मोबाइलचा टॉर्च मारून बघत होते. मग त्यांनी शिरीषशी रिंग रोड काढला. रिंग रोडवरून मेट्रो, मेट्रोवरून सोसायटीची लिफ्ट. सुलभा पाण्याकडे बघत होती.

हसन केक घेऊन आला. त्याने कौतुकाने विचारलं, लग्नाला किती वर्षं झाली?

प्रभाकरराव वळले. "किती झाली गं?"

"तुम्हीच सांगा," सुलभा म्हणाली. "तुम्हीही होतात."

शिरीषला ठसका लागला. प्रभाकरराव म्हणाले, "बरीच झाली," आणि केक इन्क्लुसिव्ह आहे का ते विचारलं.

उठताना मी सुलभाच्या कानात म्हटलं, उद्या दुपारी बोट आहे. तिने मान हलवली. तिला माहीत होतं.

*

आणि हा शेवटचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरीष झोपलेला. बाकी आम्ही तिघं खाली गेलो. प्रभाकररावांनी नेहमीसारखं सगळं काढलं. घड्याळ, फोन, कार्ड, चष्मा सुलभाच्या हातात, चपला तिच्या पायाशी, बोळे कानांत. "बोटीच्या आधी एक मोठी फेरी मारून येतो," म्हणाले आणि पाण्यात शिरले. त्यांचं डोकं दूर जाईपर्यंत ती बघत राहिली.

मग तिने चष्मा नेहमीच्या पिशवीत, नेहमीच्या कप्प्यात ठेवला. पंजाबी ड्रेस काढला, घडी केली, पिशवीत घातला. टोपीत केस खोचले. मला म्हणाली, "चल."

पाणी आधी गार लागलं. गुडघ्यापर्यंत गेल्यावर ती थांबली, मला वाटलं परत फिरते की काय. पण ती नुसती उभी होती. मग कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. एक लाट आली तशी ती माझ्या हाताला धरून उचलली गेली आणि परत टेकली. लाट आली की उचलली जायची, गेली की टेकायची. तिचा चेहरा मी इतका मोकळा कधी पाहिला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिथे ते कोणाला कळणार होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. प्रभाकरराव दुसऱ्या बाजूने बाहेर आले. आपल्या जागेवर येऊन उभे राहिले आणि सवयीने हात पुढे केला. हात तसाच राहिला. त्यांनी तो हलवला. मग वाकून चपला चाचपल्या. चपला होत्या. पिशव्या होत्या. एक पिशवी उघडली, टॉवेल निघाले. ती बंद केली. दुसरीला हात लावला नाही. डोळे बारीक करून इकडे तिकडे बघितलं. शेवटी पाण्याच्या कडेला आले.

आम्ही फार लांब नव्हतो. त्यांनी आमच्या दिशेने बघितलं, म्हणजे निळ्या कपड्यांतली एक बाई आणि शेजारी अजून कोणीतरी, एवढंच त्यांना दिसलं असेल. अदबीने दोन पावलं पुढे आले. एका कानातला बोळा काढला.

"अहो ताई," प्रभाकरराव म्हणाले, "इथे आमच्या मिसेस बसल्या होत्या. आपण पाहिल्यात का?"

मी तोंडावर हात ठेवला. सुलभा त्यांच्याकडे बघत होती. लाट आली, तिने ती जाऊ दिली.

"हो, बसल्या होत्या," ती स्पष्ट आवाजात म्हणाली. "बरीच वर्षं बसल्या होत्या. आत्ताच उठल्या."

प्रभाकररावांनी मान डोलावली.

"थँक्यू हं," ते म्हणाले, आणि चपलांपाशी जाऊन बसले.